छातीइतक्या उंचीवर

माझ्यामुळे एका टेकडीवरची एकशे बारा झाडं एका दुपारात जाड झाली.

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, त्या टेकडीवर झाडं मोजायच्या नोकरीत आहेत. दरवर्षी प्रत्येक बुंध्याचा घेर घ्यायचा. त्यावरून झाडांनी किती धूर पोटात घेतला ते ऑफिस काढतं आणि लांबच्या कुठल्याशा कारखान्याला तेवढा धूर सोडायची मुभा मिळते. बदल्यात टेकडी राखायचा खर्च कारखान्याचा. यंदा ऐन मोजणीत भाऊजींची पाठ धरली. मी सुट्टीवर त्यांच्याकडे गेलेलो. म्हटलं, "मी जातो, त्यात काय एवढं."

घेर छातीइतक्या उंचीवर घ्यायचा, एवढं मला पाठ होतं. त्यासाठी एक मीटर तीस सेंटिमीटरची काठी असते, ती मी पहिल्याच झाडाला टेकवून ठेवली. स्वतःची छाती सोबत असताना काठी कशाला वागवायची? आता माझी छाती जमिनीपासून फार लांब नाही, आणि बुंधा खाली जाड असतो, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

भाऊजींचा स्वभाव संशयी, असं म्हणणं म्हणजे समुद्राला ओलसर म्हणणं. औषधाच्या पाकिटातल्या गोळ्या ते दुकानातच मोजतात. डॉक्टर रक्तदाब घ्यायला लागले, तर तेच यंत्र आधी डॉक्टरांच्या दंडाला लावायला सांगतात. ताईने "जेवण झालं का?" विचारलं तरी "का? काय झालं?" म्हणतात.

माझे आकडे त्यांनी उताणे पडल्या पडल्या दोनदा वाचले.

"पाऊस निम्मा आणि झाडं दुप्पट वाढली?"

"चांगलंच झालं की," ताई म्हणाली.

"म्हणूनच विचारतोय."

पहिला संशय टेपवर. शिंप्याकडचा टेप आणून दोन्ही शेजारी लावले. टेप निर्दोष सुटला. दुसरा संशय ऑफिसातल्या साहेबावर. पण त्याच्यापर्यंत कागद अजून गेलाच नव्हता. मग त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली.

"इकडे ये. दाराला पाठ लावून उभा राहा. टाचा टेकव."

कण्हत उठून त्यांनी जमिनीपासून माझ्या छातीपर्यंत टेप धरला. एक मीटर बारा.

"अठरा सेंटिमीटर कमी," ते शांतपणे म्हणाले. "तुला मापात घेतलं नव्हतं, ही माझी चूक."

आकडे फुगलेत हे सांगायला त्यांनी साहेबाला फोन लावला, स्पीकर चालू ठेवून. साक्षीदार असावा म्हणून. साहेब खूश झाला होता की काय, कोण जाणे. "फुगलेत तर फुगू द्या," म्हणाला. "कारखान्याला हवेच आहेत. उद्या आकडे पाठवायचे. तुमचं कंत्राट याच महिन्यात संपतंय ना? उशीर झाला तर मला काही करता येणार नाही."

ताईने पदराने हात पुसले, पुन्हा पुसले. "अहो, या वर्षी राहू द्या. पुढच्या वर्षी नीट मोजा."

"पुढच्या वर्षी झाडं बारीक झाली, म्हणून लिहू?"

कमरेला पट्टा आवळून भाऊजी सकाळीच टेकडी चढायला लागले. मी काठी घेऊन मागे. त्यांना वाकता येत नव्हतं, म्हणून मी काठी लावायची, टेप गुंडाळायचा आणि आकडा वाचायचा. तो बरोबर वाचला की नाही हे ते चष्मा पुसून बघणार. दुपारपर्यंत जेमतेम चाळीस झाडं झाली. साहेबाचा फोन तीनदा वाजला. भाऊजींनी तो तिन्ही वेळा पुरा वाजू दिला.

शेवटी मला राहवेना. "भाऊजी, नोकरी जाईल हो. एवढ्या लांबच्या कारखान्याचं तुम्हाला काय पडलंय? चार आकडे जास्त गेले तर कोणाचं काय बिघडतं?"

त्यांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. त्याला फार वेळ लागला नाही.

"तेवढा धूर जास्त सुटेल, तो कोण गिळणार, तू?"