निघण्याआधीच परतलेली सिस्टर

सत्यशीला सिस्टर एकटी मोटरसायकलवर कन्याकुमारीला निघणार, ही बातमी पाटोद्यात फुटली आणि ज्या पुरुषांना आपल्या घरातली बाई दुपारी जेवली का नाही याचा पत्ता नसतो, त्यांच्यासुद्धा घशाखाली सिस्टरच्या काळजीनं घास उतरेना.

सिस्टर म्हणजे सरकारी नर्सबाई. तेहतीस वर्षं लसीचा निळा डबा गाडीला बांधून तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर फिरली. पस्तिशीच्या आतला असा गडी सापडायचा नाही, ज्याच्या मांडीत सिस्टरची सुई गेली नाही. गाडी तिची स्वतःची, शंभर सीसीची, आणि त्या गाडीला हात लावायची नवऱ्याचीही हिंमत नव्हती. गेल्या मे महिन्यात रिटायर झाली, आणि दिवाळी झाल्यावर म्हणाली, मी चालले.

आता तिला काय पाहिजे होतं ते सांगतो, म्हणजे तुम्हीच ठरवा की यात एवढं बोंबलण्यासारखं काय होतं. लसीचा डबा संध्याकाळच्या आत दवाखान्याच्या फ्रिजमध्ये परत गेला पाहिजे, असा नियम. त्यामुळं तेहतीस वर्षांत ती ज्या ज्या रस्त्यानं गेली, त्या त्या रस्त्यानं दुपारनंतर मागं फिरली. आणि मागची सीट कधी रिकामी नाही. आशाताई बसायची, पोट दुखणारी पहिलटकरीण बसायची, सरपंचाची आई तर दवाखान्यात काम नसतानाही बसायची. एकदा ग्रामसेवकानं शेळीसुद्धा दिली होती पाठवून. सिस्टरला एकदाच असा रस्ता पाहिजे होता, जो संध्याकाळी मागं फिरत नाही, आणि मागं कुणी बसलेलं नाही. बस्स.

नवरा ज्ञानोबा एसटीत कंडक्टर होता. एकतीस वर्षं पाटोदा-बीड, बीड-पाटोदा. प्रवासाबद्दल आपल्याला सगळं कळतं, असं त्याचं ठाम मत.

"कावून चाललीस पण?" तो रोज विचारायचा. "समुद्रच बघायचा तर मुंबईला हाय की. एसटीनं जाऊ."

"मला एकटीला जायचंय, आवो."

"मंग मी काय वंगाळ हाय का?"

वंगाळ नव्हता बिचारा. पण बडबड्या होता, आणि गाडीवर मागं बसून "स्पीड कमी कर" म्हणायचा. सिस्टर गाडीचं ऑइल बदलायला लागली.

मग यात शिवशंकर पडला. शिवशंकर म्हणजे युवा नेते. तरुण कितपत आणि नेते कुणाचे, हे विचारायचं नसतं. लहानपणी लस टोचताना हाच गडी सिस्टरच्या हाताला चावला होता. आता तो पांढऱ्या कपड्यात आला आणि म्हणाला, "सिस्टर, तुमी एकट्या जानार म्हंजे पाटोद्याची इज्जत हाय का न्हाई? चाळीस पोरं देतो सोबत. म्होरं झेंडा, मागं जीप, जीपमधी आचारी."

"शिवशंकर, बाबा, मग ते एकटीनं जाणं कसं होईल?"

"आवो, गाडीवर तुमी एकट्याच ना!"

सिस्टरनं कपाळाला हात लावला. ती नको म्हणाली, तो हो समजला. सहा दिवसांत चाळीसची साठ पोरं झाली.

पण खरी अडचण पुढंच होती. सत्काराशिवाय आपल्याकडं माणूस हलतो का? कुणाची बदली झाली, सत्कार. रद्द झाली, सत्कार. जिल्ह्याचे मोठे नेते मोहनराव यांना शिवशंकरनं दोन तारखा मागितल्या, एक निरोपाची, एक परत आल्यावरची. मोहनरावांकडं एकच होती, सात. पुढं निवडणुकीची आचारसंहिता लागणार, मग ना शाल ना फेटा ना फ्लेक्स. मग शिवशंकरनं डोकं चालवलं. हे तो क्वचित करतो, आणि केलं की गाव भोगतं. निरोपाचा सत्कार छोटा, परतल्याचा मोठा. तारीख एकच असेल तर मोठाच करायचा!

सात तारखेला दुपारी चौकात फ्लेक्स झळकला. अठरा चेहरे, त्यात सिस्टरचा शेवटून तिसरा. वर लिहिलेलं, "पाटोदा ते कन्याकुमारी मोटरसायकल प्रवास एकटीने यशस्वी करून परतल्याबद्दल सत्यशीला सिस्टर यांचे हार्दिक अभिनंदन!"

सिस्टरला वाटलं, छापणाऱ्यानं घोळ घातला. कशाचं काय! स्टेजवर शाल आली, फेटा आला, पेढे आले. अडीच तास उशिरा आलेल्या मोहनरावांनी माईक हातात घेतला आणि तिच्याकडं वळून विचारलं, "बोला ताई, कसा वाटला समुद्र?"

सिस्टरनं माईक धरला. "साहेब, अजून बघायचाय."

"बघा!" मोहनराव गरजले. "एवढं बघूनही बघायची हौस फिटली नाही! याला म्हणतात जिद्द!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सिस्टर शालीत घाम पुसत बसली. खाली साठ पोरांनी पेढे खाल्ले आणि प्रवास झालाच आहे म्हटल्यावर सगळी निवांत घरी गेली. जीप गेली, आचारी गेला. संध्याकाळपर्यंत फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर.

दुसऱ्या दिवशी उजाडता सिस्टर गाडीला पिशवी बांधायला लागली, तर ज्ञानोबा दारात.

"आता कुठं?"

"कन्याकुमारीला."

"अगं, आता कशाला? झालं की सगळं. शाल मिळाली, फेटा मिळाला. लईच वाटत आसंल तर गेवराईला बहिनीकडं राहून ये पंधरा दिवस. कुनाला कळतंय?"

सिस्टर बांधायची थांबली. एवढे दिवस तिला नुसता राग येत होता, आता वाईट वाटलं. जगानं काही केलं तरी या माणसानं असं बोलायला नको होतं.

"तेहतीस वर्षं हातात रजिस्टर होतं माझ्या," ती म्हणाली. "किती जणी घरी बसून टिक करत होत्या, तुम्हाला ठाऊक हाय. पावसात वाडीवर कोण जातंय? मी गुडघ्यापर्यंत चिखलात गेले. लेकराला डोस दिल्याबिगर एक टिक केली न्हाई मी. एक न्हाई! आन् आता माझ्याच नावापुढं टिक मारून तुमी मला गेवराईला लपायला सांगता?"

तिनं किक मारली आणि निघाली. निरोप द्यायला एक कुत्रंसुद्धा नव्हतं, कारण आलेल्या माणसाला निरोप कोण देतो? रस्ता अगदी मोकळा. पण तिला त्याचं सुख लागेना, डोळ्यांतून पाणी येत राहिलं, आणि हेल्मेटात हात घालून ते पुसताही येईना.

खर्डा गेलं. साडेआठला बार्शीत चहाला थांबली आणि पोचल्याचं सांगायला घरी फोन लावला. उचलला शिवशंकरनं.

"सिस्टर! कुठं हायेत? साहेबांसोबतचा फोटो फ्रेम करून आनलाय, द्यायला आलोय. दाजी म्हनले, तुमी झोपल्यात."

"मी बार्शीत हाय. कन्याकुमारीला निघालेय."

शिवशंकर खो खो हसला. "काय सिस्टर! कालच तर आलात! तुमच्या परतीचे पेढे मी सोता खाल्ले. आराम करा, लई दमल्यात तुमी."

तिनं दोनदा शपथ घेतली, चहावाल्याचं नाव सांगितलं, पण तो हसतच राहिला. तेवढ्यात फोन कुणीतरी काढून घेतला. दार लागल्याचा आवाज आला. मग ज्ञानोबाचा आवाज, दबका.

"सत्यशीला, खरंच बार्शीत हायस?"

"हाय."

"एकटी?"

"एकटीच."

आता हा "स्पीड कमी कर" म्हणणार, म्हणून ती वाट बघत राहिली.

"तू निघालीस हे सांगायची मला लाज वाटली म्हनून झोपलीय म्हनलो," तो म्हणाला. "आता भाईर जाऊन खरं सांगतो त्याला. तू ऊन व्हायच्या आत सोलापूर गाठ."