खांबाला घासलेला चेंडू

१२ ऑगस्ट २००६, शनिवार. सकाळी मी प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या कोटाला इस्त्री करत होते. वरच्या मजल्यावरच्या ऑस्ट्रेलियन शेजाऱ्याला सामन्यासाठी गोलपंच हवा होता. गोलपंच पांढरा कोट घालतो, आणि सिंगापूरमधल्या क्लेमेंटीच्या आमच्या कॉन्डोत, म्हणजे फ्लॅटच्या संकुलात, असा कोट माझ्याकडेच होता. निवड एवढ्यावरच झाली.

"तुला क्रिकेटमधलं एलबीडब्ल्यू कळत नाही," नवरा म्हणाला.

"इथे पाय नाही, खांब बघायचाय. तू पाण्याच्या बाटल्या भर."

शेजारी त्याच्या देशात लांबट चेंडूचा तो फुटबॉल दहा-बारा वर्षं खेळला होता, तोही मोठ्या लीगमध्ये. जागा बचावाची. दुसऱ्यांचे गोल अडवण्यात कारकीर्द गेली, स्वतःचा एकही झाला नाही. मग गुडघा गेला आणि तो रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत आला. इथल्या हौशी संघातला हा त्याचा शेवटचा सामना. गोल करूनच थांबायचं म्हणत होता, म्हणून सामन्याच्या अखेरीस मित्रांनी त्याला पुढे पाठवलं.

नियम सोपा. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू गेला की सहा गुण. खांबाला लागला किंवा जरा बाजूने गेला तरी एक. सहाला गोलपंच दोन झेंडे हलवतो, एकाला एक. नेम चुकल्याचाही गुण देणारा खेळ मला आवडला.

बरोबरी असताना शेवटची किक त्यालाच मिळाली. चेंडू उंच आला आणि खांबांमधून पलीकडे पडला. सगळे नाचायला लागले. पण जाताना तो खांबाला घासला होता, मी ऐकलं होतं. मी एकच झेंडा हलवला.

तो लंगडत आला. "लागला?"

"लागला."

"मला नाही ऐकू आलं."

"तू लांब होतास."

तेवढ्यात त्याच्या संघातला एक सिंगापूरकर धावत आला आणि इथल्या लकबीत म्हणाला, "एक पॉइंट पुरे लाह, आपण जिंकलो."

शेजारी हसत हसत गवतावरच आडवा झाला. "पण गोल राहिला."

"मग निवृत्ती कसली घेतोस?" नवरा म्हणाला. "पंच तर शेजारचीच आहे."

"तीच तर अडचण आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कॉन्डोमागच्या हिरवळीवर एकटाच किका मारत होता. मी खाली उतरले, दोन ताडांच्या पलीकडे उभी राहिले आणि तो दमेपर्यंत चेंडू परत फेकत राहिले. मग बाजारात जाऊन बांगडे आणले.