दाजींचे ‘विपाये’

इंदापूर तालुक्यात ठामपणे बोलणारी माणसे उसाइतकीच उदंड पिकतात. आयुष्यात एकही विधान ठामपणे न केलेला मनुष्य मात्र मी एकच पाहिला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. लासुर्ण्याचे आमचे हे दाजी निवृत्त मराठी शिक्षक. जुन्या ओव्या वाचताना त्यांना ‘विपाये’ हा शब्द भेटला आणि तो त्यांच्या जिभेवर कायमचा मुक्कामाला आला. अर्थ कदाचित, एखादे वेळी. पण नुसते ‘कदाचित’ दाजींना चालत नाही. आपण ‘कदाचित’ म्हणतो ते आपल्याला ठाऊक नसते म्हणून. जुने कवी ‘विपाये’ म्हणतात ते त्यांना चांगले ठाऊक असते म्हणून, असे त्यांचे मत आहे. सहसा न घडणारी गोष्ट क्वचित घडलीच, तर तिला बसायला जागा हवी, एवढ्यासाठी ते ओवीत हा शब्द मांडून ठेवतात. दाजींनी हे मला अनेकदा समजावले आहे. दर वेळी समजल्यासारखे वाटते, आणि भवानीनगरला घरी पोहोचेपर्यंत पुन्हा गोंधळ होतो.

एकदा बारामतीच्या स्टँडवर कंडक्टरने कुठे जायचे म्हणून विचारले, तर हे म्हणाले, “लासुर्णे, विपाये.” त्या भल्या माणसाने तिकीट दिले, पण लासुर्णे येईपर्यंत दाजींवरची नजर काढली नाही. ऊस यंदाही आम्हालाच घालणार ना, असे कारखान्याच्या माणसाने विचारले, तेव्हाही हेच उत्तर मिळाले. दुसऱ्या कोणी जास्त दर कबूल केला असावा, या संशयाने तो बिचारा वीस गुंठ्यांसाठी खेटे घालत राहिला. आमटीत मीठ बरोबर आहे का, हे विचारणे बहिणीने फार पूर्वीच सोडले. या साऱ्याचा त्रास होत नाही का, असे मी तिला विचारले होते. ती म्हणाली, “हुतो की. पर खोटं तरी बोलत न्हाईत.”

मग माझ्या भाचीला पाहायला पणदऱ्याची मंडळी आली. मुलामुलीने एकमेकांना मनोमन पसंत केले होते. उरला होता तो बापाचा शब्द. मुलीच्या बापाने चारचौघांत ‘पसंत’ म्हटल्याशिवाय आमच्याकडे सुपारी फुटत नाही. मुलाचे चुलते, ज्यांना सगळे तात्या म्हणत, दाजींकडे वळले. “पोरगी आमच्यात सुखात ऱ्हाईल. पसंत म्हणा गुरुजी, म्हंजी सुपारी फोडू.”

दाजींनी बराच विचार केला आणि ते म्हणाले, “विपाये.”

अर्थ सांगण्याचे काम मुलीचा मामा म्हणून माझ्याकडे आले. मी जसजसा समजावत गेलो, तसतसा तात्यांचा चेहरा उतरत गेला. ‘सहसा न घडणारी गोष्ट’ इथवर मी आलो, आणि त्यांनी मांडीवरची टोपी उचलून डोक्यावर ठेवली. “म्हंजी आमच्या घरात पोरगी सुखी व्हनं सहसा घडत न्हाय, आसं का पाव्हणं?” पणदऱ्याची मंडळी उठू लागली.

तेवढ्यात भाची आतून आली. तिचे डोळे भरले होते, आवाज मात्र स्थिर होता. “आबा, पोथीतलं ऱ्हाऊ द्या. तुमच्या मनातलं सांगा.”

दाजी सतरंजीकडे पाहत म्हणाले, “सुखाचं मी कसं सांगू, बाय? तुला धाडवंना, येवढं मातर नक्की हाय.”

तात्या तसेच उभे राहिले. त्यांच्याही घरातून मुली गेल्या असाव्यात. मग खाली बसून त्यांनी टोपी काढली आणि अडकित्ता मागितला. “आमी ह्योच शब्द समजतो, गुरुजी,” ते म्हणाले, आणि सुपारी फुटली.

लग्नाला आता वर्ष होत आले. दाजींची नजर अधू झाली आहे; संध्याकाळी त्यांना भाचीच ओव्या वाचून दाखवत असे. आता रविवारी मी जातो. माझे उच्चार चुकतात, ओवी नको तिथे तुटते. तिला ते ओळीओळीला टोकत. मला टोकत नाहीत. पणदऱ्याहून बारामतीवरून येणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून बसलेले असतात. ते ऐकतात की नाही, हे मला कळत नाही, आणि विचारण्याचा धीरही होत नाही. मी वाचत राहतो.