गोऱ्यासमोर बोलून दाखव

आमच्या तांड्यात काही लग्नं दसऱ्याच्या आत घाईघाईनं उरकली जायची. चातुर्मास वगैरे कोणी बघत नसे. दसरा झाला की ऊसतोडीच्या ट्रका यायच्या, आणि त्या ट्रकांत माणसं मोजत नसत, कोयते मोजत. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा पोरगा म्हणजे अर्धा, आणि अर्ध्याला मुकादम दारात उभा करत नसे. म्हणून ज्या घरात पोरगं हाताशी आलेलं असे, ते घर भादव्यात उरलेला अर्धा कोयता शोधत फिरायचं. दोन हजार सालानंतरच्या एका वर्षी एका घराला जो अर्धा कोयता हवा होता, तो मी होते.

स्थळ माझ्या काकानं आणलं होतं. सेनगावच्या पलीकडचा तांडा, पोरगा अंगानं दणकट, दारू पीत नाही. काकाच्या मते एवढं बस्स होतं. मी तेव्हा हिंगोलीच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते आणि दर रविवारी एका किराणा दुकानाच्या माडीवर इंग्रजी बोलायच्या क्लासला जात होते. जीपमध्ये मागच्या फळीवर लटकत जायचं आणि लटकत यायचं. क्लास मी सोडणार नव्हते. घरात मी तसं सांगितलंही, जरा जास्तच मोठ्या आवाजात. माझा आवाज आधीपासूनच तसा आहे.

दोन दिवसांनी बानं विषय काढला. घरी आम्ही आमची बंजारा बोली, गोरमाटी बोलतो, आईला याडी म्हणतो, पण काका चारचौघांत मराठीच झाडायचा, म्हणून त्या दिवशीचं बोलणं ओसरीवर मराठीतच झालं.

"इंग्रजी शिकून राहिली म्हणतीस," बा म्हणाला. "आमाला काय समजतं? तू काहीबी बडबडलीस तरी आमाला ते इंग्रजीच. गोऱ्यासमोर बोलून दाखव. त्याला समजलं, तर शिक."

"आन न्हाई समजलं तर दसऱ्याच्या आत हळद," काका म्हणाला.

"बराबर," बा म्हणाला.

मला त्या दोघांचाही संताप आला होता, पण अट वाईट नव्हती. उलट आमच्या क्लासच्या सरांचीही हीच अट होती. सर तिशीच्या आतले, शर्ट कायम पँटीत खोचलेला, बोलताना दर वाक्याला 'ओके?' विचारणारे. त्यांचं म्हणणं असं, की आपसांत बोलून इंग्रजी येत नाही. विदेशी माणूस गाठायचा, त्याची रस्त्यात मुलाखत घ्यायची, टेपरेकॉर्डर लावायचा. आठ प्रश्न त्यांनी आमच्याकडून घोटून घेतले होते. तुमचं नाव काय, देश कोणता, भारत कसा वाटला, असे. मोठ्या शहरांत मुलं असंच शिकतात म्हणे. आता हिंगोली जिल्ह्यात विदेशी माणूस कुठून आणायचा, हे मात्र त्यांनी कुठं वाचलेलं नव्हतं.

उरलं औंढा. नागनाथाचं देऊळ बघायला कधीमधी गोरे येतात, असं ऐकून होतो. दोन रविवार सर आम्हाला एसटीनं तिथं घेऊन गेले. पहिल्या रविवारी कोणीच नाही. दुसऱ्या रविवारी एक उंच, लालबुंद माणूस दिसला आणि आम्ही त्याच्याभोवती कडं केलं, तर तो पंजाबातून दर्शनाला आलेला निघाला. त्यानं आम्हाला हिंदीतून भरभरून आशीर्वाद दिले. सगळे हसत परत आले, मी सोडून. दसरा जवळ येत चालला होता आणि पाहुणे उत्तर मागत होते.

तिसऱ्या रविवारी बा आणि काकाही आमच्याबरोबर औंढ्याला आले. काका सरळच म्हणाला, "आज काय ते पाहूनच जाऊ." त्या दिवशी जर गोरा भेटला नसता, तर पुढचा रविवार मला मिळाला नसता. एसटीत मी आठ प्रश्न मनातल्या मनात म्हणत होते आणि पाचव्याच्या पुढे सारखी अडकत होते.

आणि गोरे होते. देवळाच्या भिंतीला लागून जिथं थोडी सावली पडते, तिथं एक म्हातारा आणि एक म्हातारी बसलेली. त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर पंक्चर काढायला चाक घेऊन गेलाय, असं नारळवाल्यानं सांगितलं. म्हणजे ते आता उठून जाणार नव्हते. सरांनी टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं आणि मलाच पुढं ढकललं. माझा बाप बघतोय हे त्यांना माहीत होतं. क्लासला तांड्यावरच्या आणखी तीन मुली माझ्या पाठोपाठ यायच्या आणि माझा क्लास सुटला तर त्यांचाही सुटणार, हेही त्यांना माहीत होतं.

मी हात जोडले. "गुड मॉर्निंग सर, गुड मॉर्निंग मॅडम. मे आय आस्क यू सम क्वेश्चन्स?"

म्हातारा गोड हसला आणि त्यानं मान हलवली. मागं कुणीतरी "वा!" म्हणालं. तोवर दर्शनाला आलेली माणसं, हारवाल्या बाया, रिकामटेकडी पोरं, सगळी गोळा झाली होती. गोरा बसला की त्याच्याभोवती गर्दी उभी राहणारच.

मी नाव विचारलं. तो हसला, मान हलवली. मी देश विचारला. तो पुन्हा हसला, पुन्हा मान हलवली. मग म्हातारीकडं वळून काहीतरी बोलला, आणि ती माझ्याकडं बघून बराच वेळ बोलली. हातानं काहीतरी दाखवत होती. मी कान टवकारून ऐकत होते. त्यातला एक शब्द मला ओळखीचा वाटेना. एकसुद्धा. रेडिओवर इंग्रजी बातम्या लागायच्या तेव्हा अर्धं समजायचं नाही, पण 'मिनिस्टर', 'टुडे' असे चार शब्द तरी हाताला लागायचे. इथं काहीच लागेना.

"काय फाडफाड बोलून राहिली बाई," गर्दीतून आवाज आला.

"काय म्हणली?" काकानं विचारलं.

मी सरांकडं पाहिलं. सरांचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. त्यांनाही काही समजलेलं नव्हतं. त्यांनी कॉलर सारखी केली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मॅडम म्हणतात, भारत फार महान देश आहे. आणि ही मुलगी इंग्रजी छान बोलते."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बाच्याकडं पाहिलं. तो गर्दीच्या कडेला उकिडवा बसला होता, डोक्यावरचं पागोटं गुडघ्यावर काढून ठेवलेलं. त्यानं टाळ्या वाजवल्या नाहीत, पण चेहरा निवळल्यासारखा वाटला. मला वाटलं, झालं, सुटले. माझ्या जिवात जीव आला, खोटं कशाला बोलू.

पण गर्दीला चव लागली होती. एकानं विचारलं, ह्यायला जमीन किती? सरांनी इंग्रजीतून विचारलं. म्हातारा हसला, दोन शब्द बोलला. "दोनशे एकर," सर म्हणाले. लोकांनी तोंडात बोटं घातली. कोणी विचारलं, लेकरं किती? "दोन. दोघंही डॉक्टर." सर आता घामाघूम झाले होते, पण थांबत नव्हते. आणि म्हातारी प्रत्येक वेळी तेच काहीतरी पुन्हा म्हणत होती, थोडं आणखी मोठ्यानं, आणि हातातली प्लास्टिकची बाटली हलवत होती. बाटली रिकामी होती.

काका पुढं आला. काका अडाणी असेल, पण भोळा नव्हता.

"सर, तुमी थांबा आता," तो म्हणाला. "परीक्षा पोरीची हाय, तुमची न्हाई. बाई काय म्हणली ते पोरीला सांगू द्या."

सगळे माझ्याकडं बघू लागले. टेप फिरतच होता. मला काहीही सांगता आलं असतं. देऊळ सुंदर आहे, ऊन फार आहे, तुमचे लोक प्रेमळ आहेत. कोणाला कळणार होतं? सरांनी डोळ्यांनी मला तेच सुचवलं. जीभ अगदी टोकापर्यंत आली होती. तेवढ्यात म्हातारीनं बाटली माझ्यासमोर धरली आणि ओठांना लावून दाखवली. तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते, आणि आम्ही चाळीस-पन्नास माणसं तिच्याभोवती उभं राहून तिच्या लेकरांना डॉक्टर करत होतो.

"ह्यांना पाणी पायजे," मी म्हणाले. "आन ह्या बोलतात ते इंग्रजी न्हाई. ह्यांना इंग्रजी येतच न्हाई."

मग काका हसायला लागला, आणि त्याच्यामागं सगळे.

"ऐका! हिला येत न्हाई, तर म्हणती गोऱ्यालाच इंग्रजी येत न्हाई!" काका म्हणाला.

"असं कसं?" सर चिडून म्हणाले. "फॉरेनर आहेत ते. ओके?"

"मंग सर, तुमीच सांगा ती काय म्हणली," मी म्हणाले. सरांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मला वाटलं आता क्लासही गेला.

लोक हसत होते. एक बाई दुसरीला म्हणाली, शिकून पोरी अशा निगरगट्ट होतात. माझे कान तापले, डोळे भरून आले, आणि रडू येतंय याचाच मला जास्त राग आला. काकानं बाच्याकडं वळून हात झटकले. संपलं, असा त्याचा अर्थ होता. मला त्या घटकेला पक्कं समजलं होतं, की माझी हळद ठरली.

बा उठला. पागोटं पुन्हा डोक्यावर ठेवलं आणि गर्दीतून वाट काढत म्हाताऱ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याला रामराम केला. म्हातारा हसला.

"पावणं," बा साध्या मराठीत म्हणाला, "घर जळालं का तुमचं?"

म्हाताऱ्यानं हसून मान हलवली.

"बैल मेला का?"

म्हाताऱ्यानं आणखी जोरात मान हलवली, आणखी गोड हसला.

"म्हातारी सोडून चालली का तुमाला?"

तो हसतच होता. गर्दीत हशा पिकला, पण बा हसला नाही. त्यानं म्हातारीच्या हातातून बाटली अलगद घेतली, नळावर गेला, विसळली, भरून आणली आणि तिला दिली. तिनं ती अर्धी एका दमात संपवली आणि उरलेली नवऱ्याच्या हातात दिली. लोक हळूहळू पांगले. सरांनी टेप बंद केला. ते दोघं कुठल्या देशाचे होते, हे आम्हाला कधीच समजलं नाही.

येताना सर आणि बाकीची मुलं-मुली आधीच्या एसटीनं पुढं गेली, आम्ही तिघं मागच्या एसटीनं हिंगोलीला आलो आणि तिथून सेनगावच्या जीपमध्ये बसलो. काका पुढं ड्रायव्हरजवळ, बा आणि मी मागं. मीच न राहवून विचारलं, "बा, तुला कसं समजलं त्याला काही कळून नव्हतं राहिलं?"

"तो हासून राहिला व्हता म्हणून." बा आमच्या बोलीत बोलत होता, पण इतक्या मोठ्यानं, की पुढं बसलेल्या काकालाही ऐकू जावं. "आमी कर्नाटकात पयल्यांदा ऊस तोडाया गेलो, तवा तू झाली नव्हतीस. शेतमालक रोज फडावर यायचा. तुझ्या याडीकडं बघून त्याच्या बोलीत काहीतरी बोलायचा. त्याची माणसं हासायची. मला वाटायचं, कामाचं कवतिक करून राहिला. मी बी हासायचो. अशीच मान हलवायचो."

त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. जीप सोयाबीनच्या रानांमधून चालली होती.

"तिसऱ्या साली त्यायची बोली समजाया लागली," तो म्हणाला. "तवा समजलं तो तिला काय म्हणत व्हता."

"मग?" मी विचारलं. "तू काय केलंस?"

"काय करणार? मान हलवली. तीन साल त्याच बोलण्यावर हासलेला माणूस एक दिवस भांडाया उठला, तर लोक काय म्हणतील? हंगाम सरंपर्यंत तसाच हासत राहिलो."

माझी याडी आदल्याच वर्षी वारली होती. त्या शेतमालकाचं बोलणं तिला समजत होतं का, हे आता कोणाला विचारायचं?

"तू क्लासला जाय," बा म्हणाला. "इंग्रजी शीक, कानडी शीक, जे भेटंल ते शीक."

काकानं मान वळवली नाही. तोही त्याच टोळीत होता, त्याच फडावर, तिन्ही हंगाम. गुरुवारी तो सकाळीच उठून सेनगावकडं गेला. पाहुण्यांना नकार त्यानंच सांगितला.