भाकरी गोल नव्हती

हे मी कुणाला बोललेलो नाही. बायकोलाही नाही. आत्ता तुम्हाला सांगायला बसलो, तर दोनदा उठून पाणी पिऊन आलो — तहान नसताना.

माणसं जेवणाबद्दल इतकं का बोलतात, का लिहितात? मीही लिहितो, रविवारच्या पुरवणीत. कुठे बोलावलं तर सांगतोही — अन्न म्हणजे संस्कृती, अन्न म्हणजे आठवण. टाळ्या पडतात, मग आयोजक गार वडापाव देतात. पण खरं सांगू? जेवणाबद्दल बोलत राहिलं, की दुसरं काही विचारावं लागत नाही.

माझी धाकटी बहीण शालन कामथडीला दिली आहे. काही वर्षांपूर्वी तिच्याकडे गेलो होतो. दाजी शेतावर. ती चुलीपाशी डाव्या हाताने भाकरी थापत होती. उजव्या मनगटाला फडकं गुंडाळलेलं, बोटं सुजलेली. काय झालं, असं मी विचारलं का? नाही. मला दिसलं, आणि — हेच तर सांगायचंय — मला कळलंही.

तव्याकडे बघतच ती म्हणाली, "दादा, चार दिस तुझ्याकडं भोरला येऊन ऱ्हाऊ का?"

चाराचे किती होतील? दाजी दारात येऊन उभे राहिले तर? आळीतले लोक? तोंडातला घास गिळेपर्यंत एवढं सगळं मनात येऊन गेलं.

"ये की," मी म्हणालो, "पण आमच्या गॅसवर ही चव कुठली यायची?"

ती हसली. "व्हय, ते बी खरंच." आणि दुसरी भाकरी तव्यावर टाकली.

एवढ्यावर थांबलो असतो तर — पण नाही. मी त्यावर लेख लिहिला. 'बहीण आता डाव्या हाताने थापते, तरी भाकरी तितकीच गोल.' हे वाक्य वाचकांना फार आवडलं. भाकरी गोल नव्हती. कडा जाड होत्या, मधे फाटली होती. दाजींनी ते कात्रण चौकटीत घालून पडवीत टांगलंय, आल्यागेल्याला दाखवतात. शालनला ते रोज झाडताना दिसत असणार.

आता तिचा फोन वाजला की मी लगेच उचलत नाही. ती जेवणाचंच बोलते. माझ्याशी तेवढंच बोलायचं असतं, हे तिला कळलंय. काल पावट्याची आमटी कशी केली ते सांगत होती. सांगता सांगता गप्प झाली. नुसता श्वास ऐकू येत राहिला, बराच वेळ.

मी विचारलं, "फोडणी कशाची दिलीस?"