मोकळ्या जागेची पट्टी

सेलूच्या पट्टी कचेरीत गुरुसिद्धप्पा पेशकार होते. घरांची पाहणी करायची, किंमत ठरवायची आणि घरपट्टी बसवायची, हे त्यांचं काम. गावात कापसाच्या जिनिंग वाढल्या, माड्या चढल्या, तसा सरकारी वसूलही चढत गेला. पट्टी बांधकामावर होती. मोकळ्या जागेला कोणी विचारत नव्हतं.

म्हणून तर त्यांनी धाकट्या बहिणीला, भागम्माला, एक सल्ला दिला. तिचा नवरा रेवणप्पा वारला, तेव्हा लिंगायतांच्या रीतीनं त्याला स्टेशन रस्त्यावरच्या त्याच्याच जागेत बसल्या आसनी पुरलं होतं. भागम्माला त्यावर दगडी ओटा हवा होता.

"ओटा बांधलास की पट्टी लागंल," गुरुसिद्धप्पा म्हणाले. "माती मोकळीच राहू दे. तुला जागा ठाऊक हाय की."

"तुमी म्हणताव तर ऱ्हाऊ द्या, अण्णा."

दर सोमवारी ती तिथं बेल वाही. पावसानं माती सपाट झाली की हातानं पुन्हा उंचवटा करी.

पुढं लढाई सुरू झाली. लोखंड मिळेना, बांधकामं थांबली, वसूल अडला. वरून हुकूम आला : मोकळ्या जागांवरही पट्टी बसवा, आणि स्टेशन रस्त्यावर ज्या पडून आहेत त्यांची हर्रास करा, बोली लावून विका. सूट फक्त देवळाला आणि समाधीला.

झालं! आठवडाभरात सेलूत समाध्यांचं पीक आलं. जो तो आपल्या जागेत दगड रचून शेंदूर फासू लागला. खोटे ओटे गुरुसिद्धप्पांनीच हुडकले. एका व्यापाऱ्याला त्यांनी चारचौघांत विचारलं, "शेठ, तुमचे आजोबा तर काशीला वारले होते. रेल्वेनं परत आले काय?" लोक पोट धरून हसले. कचेरीनं ठरवलं, नवा दगड मानायचा नाही.

मग भागम्माच्या जागेची पाळी आली. कचेरीचा साहेब पाहणीला आला. गुरुसिद्धप्पांनी हात जोडले. "साहेब, इथं माझे मेहुणे आहेत."

"हे तर सगळेच म्हणायलेत, पेशकार. निशाणी दाखवा."

निशाणी नव्हती. मागच्या पाहणीत ही जागा 'रिकामी' म्हणून गुरुसिद्धप्पांनीच लिहिली होती. साहेब माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "उकरून दाखवा. हाडं निघाली तर आत्ता सूट देतो."

मजुरानं कुदळ उचलली, तशी भागम्मा मातीवर जाऊन बसली.

"न्हाई! बसलेल्या माणसाला उठवायचं न्हाई. जागा घ्या तुमी."

"भागे, ऐक माझं. हातभरच उकरतील..."

"ऐकलं की अण्णा, एकदा तुमचं."

गुरुसिद्धप्पांनी मजुराच्या हातातली कुदळ काढून घेतली.

हर्रासात जागा बन्सीधर शेठनं घेतली. गुरुसिद्धप्पांनी पाय धरले, तेव्हा त्यानं मधली माती न खणता वर मुरूम टाकला आणि गोदाम उभं केलं. सेलूचा वसूल पुन्हा चढला. साहेबानं भर कचेरीत शाबासकी दिली. ती गुरुसिद्धप्पांनी मान खाली घालून घेतली.

दिवाळीनंतर भागम्मा त्यांच्या दारात आली. आत आली नाही.

"अण्णा, शेठला एवढंच सांगा. तेवढ्या जागेवर कापसाच्या गठाणी रचू नका म्हणावं. लय जड असतेत त्या."

गुरुसिद्धप्पा तसेच अनवाणी निघाले. कापसाचा हंगाम भरात होता. गोदामाचं दार उघडंच होतं, आणि आतून ते आढ्यापर्यंत भरलं होतं.