रोवणीच्या पावलांनी

"माताजी, गुडघ्यातली गादी घिस गई है," गोंदियाच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून सांगितलं. "ऑस्टिओआर्थरायटिस. ग्रेड टू."

तीस वर्षं अंगणवाडीत पोरांना अक्षरं शिकवली, पण हा शब्द मी तीनदा विचारून घेतला. अर्थ सोपा आहे. सांध्यातल्या हाडांमध्ये कूर्चेचा मऊ थर असतो. तो झिजला की गुडघा सुजतो, दुखतो, जिना नको वाटतो. ग्रेड टू म्हणजे चार पायऱ्यांतली दुसरी. ऑपरेशन लगेच नको, पण दुर्लक्ष केलं तर करावं लागेल, असं ते म्हणाले.

माझा मुलगा विलास शेजारी बसला होता. तो म्हणाला, "आई, आता तू नागपूरलेच चाल. तुझी खोली तयार करून ठेवली."

त्याचंही चूक नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी आमगाव स्टेशनचा पूल उतरताना गुडघ्यानं दगा दिला आणि मी पायऱ्यांवरच बसले. लोकांनी उचललं. तेव्हापासून मी पूल ओलांडलाच नव्हता. माझं घर रुळांच्या या बाजूला, बाजार त्या बाजूला. भाजी शेजारची कौतिकाबाई आणून द्यायची. माझे यजमान गेल्यावरही मी कुणावर भार टाकला नव्हता. दुसऱ्याच्या पिशवीतून आपली वांगी येतात, हे मला गुडघ्यापेक्षा जास्त दुखत होतं.

डॉक्टर विलासला म्हणाले, "घुटना आराम से नहीं, ताकत से सुधरता है. सहा महिने द्या."

"सहा महिने," विलास म्हणाला. "मग मी ऐकणार नाही, आई."

मग दर मंगळवारी गोंदियाची फेरी सुरू झाली. पूल नको म्हणून रेल्वे सोडून बसनं जायची. बाकावर नंबरची वाट पाहत बसायचं, समोरच्या बाईचा गुडघा आपल्यापेक्षा बरा की वाईट ते मनात मोजायचं. फिजिओथेरपी, म्हणजे व्यायामानं उपचार, करणारी एक तरुण मुलगी होती. तिनं सांगितलं, मांडीच्या पुढच्या स्नायूला क्वाड्रिसेप्स म्हणतात, तो बळकट झाला की गुडघ्यावरचा भार कमी होतो. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायचं. कंटाळवाणं काम, पण मी एकही दिवस चुकवला नाही.

सहाव्या आठवड्यात ती म्हणाली, "मावशी, आता सपाट जागेवर रोज थोडं उलटं चाला."

पुढच्या मंगळवारी मी कंबर धरून हजर. गुडघा बरा, कंबर धरलेली.

"चालून दाखवा बरं," ती म्हणाली.

मी दाखवलं. ती तोंडावर हात ठेवून हसायला लागली. "मावशी, वाकून काऊन राहिल्या? मी फक्त उलटं चाला म्हटलं."

तेव्हा माझ्याही लक्षात आलं. माझ्या माहेरी, केशोरीच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वावरात, रोवणीला आम्ही अशाच चालायचो. डाव्या हातात पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची पेंढी, उजव्या हातानं एकेक रोप चिखलात खोचायचं आणि एक पाऊल मागे. वीस बाया एका ओळीत, गाणी म्हणत. माझ्या पावलांना उलटं चालणं ठाऊक होतं ते वाकूनच.

त्या दिवशी बसमध्ये मला सगळं माहेर आठवलं. दुपारी बाबांची शिदोरी घेऊन मी वावराच्या धुऱ्यावरून, त्या अरुंद बांधावरून, पळत जायची. आंबील सांडू न देता पळणारी गावात मी एकटीच. लग्न झालं आणि धावणं सुटलं. शेवटची धावले असेन ती दावं तोडलेल्या वासरामागे.

शाळेच्या मैदानावर सकाळी ताठ उभं राहून उलटं चालायला लागले. मी पडू नये म्हणून कौतिकाबाई सोबत आली आणि तीही वाकली. महिनाभरात आम्ही सहा जणी झालो. सगळ्यांनी रोवणी केलेली, सगळ्या पहिल्या दिवशी वाकल्या.

एक रिटायर मास्तर फेऱ्या मारता मारता थांबले. "काय वो बायांनो, बांधी समजल्या का मैदानाले?"

"पऱ्हे आणा मास्तर, रोवून देतो," कौतिकाबाई म्हणाली.

चौथ्या महिन्यात डॉक्टरांनी हळू धावायला परवानगी दिली. अट एकच, धावताना बोलता आलं पाहिजे. आमच्या बायांना ती अडचण नव्हतीच. तुम्हांलाही हा आजार असेल तर मैदानात उतरण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि शक्यतो एकट्या जाऊ नका. भीती एकटीला लवकर गाठते.

सहा महिने भरले त्याच सुमारास गोंदियात पाच किलोमीटरची दौड होती. विलास मला घ्यायला थेट तिथंच येणार होता. पायात बूट घालायला वेळ लागला म्हणून मी मागे राहिले आणि बाकीच्या पूल ओलांडून गाडीत बसल्याही.

मी पुलाखाली उभी. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा, हे मनात म्हणत वर गेले. उतरताना मी बसून गेले होते तीच पायरी आली. कठडा घट्ट धरला आणि दुखरा पाय खाली ठेवला. पायानं भार घेतला.

कौतिकाबाई डब्याच्या दारातून ओरडली, "धाव वो सुशी, गाडी निघून राहिली."

एरवी ती मला बाई म्हणते. सुशी म्हणणारी माणसं केशोरीतच राहिली होती. मी प्लॅटफॉर्मवर धावले, साडी खोचून, साठी उलटल्यावर, आणि मला रडू आलं.

दौडीत आम्ही जवळजवळ शेवटी आलो. विलास माझ्या चिखलानं भरलेल्या बुटांकडे बघत राहिला.

"आई, त्या खोलीचं काय करू?"

"खाट राहू दे. मैदानावरची रोवणी आटोपली की पाहुणी म्हणून येईन."

आमगावला उतरून मी आणि कौतिकाबाई आधी बाजारात गेलो, मग पूल चढलो. त्या दिवशी कौतिकाबाईच्या पिशवीत फक्त तिचीच भाजी होती.